पहिल्या शेकाआधीचं ताट

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार द्यायचे ठरले, तरी रुग्ण दुसऱ्या दिवशी यंत्राखाली जात नाही. आधी दात तपासतात, किडलेले काढतात. मग चेहऱ्यावर आणि मानेवर घट्ट बसणारा जाळीदार मास्क बनवतात, तो घालून सीटी स्कॅन होतो आणि त्या चित्रांवर किरणांची आखणी चालते. यात एक-दोन आठवडे जातात, गर्दीच्या रुग्णालयात त्याहून जास्त. घरचे लोक हे दिवस नुसते वाट पाहण्यात काढतात. रुग्णालयही त्या काळात रुग्णाकडून फारसं काही मागत नाही. या पुस्तकाचं म्हणणं असं आहे की आहाराचा उपचार याच दिवसांत सुरू व्हायला हवा: तोंड येण्याआधी, वजन उतरण्याआधी, रुग्ण अजून भाकरी चावून खाऊ शकतो आहे तेव्हाच.

एवढं सांगायला अख्खं पुस्तक कशाला, असं कुणी विचारेल. हे म्हणणं कुणीच नाकारत नाही आणि तरी फार थोड्या ठिकाणी ते अमलात येतं, म्हणून.

किरणोपचाराला आपल्याकडे कुणी 'शेक' म्हणतं, कुणी 'लाइट'. डोक्या-मानेच्या कर्करोगात तो बहुधा आठवड्यातले पाच दिवस, रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), असा सहा-सात आठवडे देतात. एकूण मात्रा ६० ते ७० ग्रेपर्यंत जाते. पहिला आठवडा बरा जातो. रुग्ण म्हणतो, उगाच घाबरलो होतो. दुसऱ्या आठवड्यात चव उतरू लागते, वरणाला मातीची चव येते, चहा कडू लागतो. तिसऱ्यात तोंडाचं अस्तर सोलवटतं, लाळ घट्ट आणि तारेची होते, गिळताना घशात काटे रुततात. सोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध चालू असेल तर मळमळ वेगळी. कुणाच्या तोंडात बुरशी धरते, कुणाचा जबडा आखडतो. पाचव्या आठवड्यापर्यंत पाण्याचा घोट घेण्याआधीही माणूस डोळे मिटून घेतो. शेवटचा शेक झाला म्हणून हे थांबत नाही. त्यानंतरचे एक-दोन आठवडे पुष्कळांना सर्वांत जड जातात.

आहारतज्ज्ञाला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या आठवड्यात. तोवर माणूस पाच-सहा किलोंनी उतरलेला असतो, आणि उतरलेलं वजन म्हणजे केवळ चरबी नसते. शरीरात दाह पेटलेला असताना स्नायू झपाट्याने झिजतात, आणि दाह चालू असेतो ते खाऊन भरून येत नाहीत. निरोगी माणूस उपाशी राहिला तर त्याचं शरीर हळूहळू कमी खर्चावर जगायला शिकतं. कर्करोगाच्या रुग्णाला ती सवलत मिळत नाही. म्हणून या क्षेत्रातली सारी हुशारी गमावलेलं परत मिळवण्यापेक्षा असलेलं राखण्यात आहे.

याचा खुद्द किरणोपचाराशी संबंध काय, हे नवख्या वाचकाला नीट समजावं म्हणून इथे जरा थांबते. मास्क पहिल्या दिवशीच्या चेहऱ्यावर बेतलेला असतो. गाल आत गेले, मान बारीक झाली की तो सैल पडतो, रुग्ण आत हलू शकतो. आतली रचनाही बदलते: कानाखालच्या लाळग्रंथी आक्रसतात आणि आतल्या बाजूला सरकतात, म्हणजे ज्यांना वाचवायचं म्हणून आखणी केली त्याच जास्त मात्रेच्या पट्ट्यात येतात. मग नवा मास्क, नवा स्कॅन, नवी आखणी. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. खाणं-पिणं बंद पडल्याने अशक्तपणा येतो, रुग्णाला सलाइनवर ठेवावं लागतं, आणि शेक चार-सहा दिवस थांबतात. घरच्यांना वाटतं, बरं झालं, थोडी विश्रांती मिळाली. पण साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या कर्कपेशी वेगाने वाढू लागतात, हे १९८८ मध्ये विदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. डोक्या-मानेच्या कर्करोगात उपचाराचा काळ एका दिवसाने लांबला, तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते, असा अंदाज आज सर्वमान्य आहे. आठवडाभराच्या खंडाची किंमत काय, हे यावरून कळेल. ताटातलं अन्न आणि यंत्रातली मात्रा या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी आहेत असं मानणं मला म्हणूनच पटत नाही.

हे ज्ञान अलीकडचं नाही. पॅरिसच्या रेडियम संस्थेत १९२० च्या दशकात आंरी कूतार यांनी घशाच्या कर्करोगावर मात्रा अनेक दिवसांत विभागून देण्याची पद्धत रुजवली, आणि अस्तर केव्हा लालावतं, केव्हा सोलतं, केव्हा भरून येतं, याच्या बारीक नोंदी ठेवल्या. म्हणजे तोंड कधी येणार हे गेली शंभर वर्षं आधीच ठाऊक आहे. १९३२ मध्ये अमेरिकेत शील्ड्स वॉरन यांनी कर्करोगाने गेलेल्या ५०० जणांची शवविच्छेदनं तपासली. त्यांतल्या पाचातल्या एकाहून थोड्या अधिक जणांचा मृत्यू त्यांना निव्वळ खंगण्याने झालेला आढळला. १९३६ मध्ये क्लीव्हलँडचे शल्यचिकित्सक हायरम स्टडली यांनी जठरव्रणाच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिलं: आधी २० टक्क्यांहून जास्त वजन गमावलेल्यांपैकी ३३ टक्के दगावले, बाकीच्यांतले साडेतीन टक्के. तो आजार कर्करोग नव्हता, पण आजारातलं वजन हा मोजण्याजोगा धोका आहे हे तिथून शल्यविद्येला कळलं. कर्करोगात तेच सिद्ध व्हायला १९८० उजाडलं. तेव्हा डीवीस आणि सहकाऱ्यांनी ३,०४७ रुग्णांची माहिती मांडून दाखवलं की केमोथेरपीआधी ज्यांचं वजन उतरलं होतं ते कमी जगले.

दरम्यान एक मोठा उत्साहाचा काळ येऊन गेला. फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात संपूर्ण आहार थेट शिरेतून देऊन बीगल जातीची कुत्र्याची पिल्लं वाढवून दाखवली, आणि मग आतडं निकामी असलेली अर्भकं त्या मार्गाने जगू लागली. कर्करोगाच्या रुग्णालाही असंच भरभरून पोसता येईल, असं सर्वांना वाटलं. १९८० च्या दशकातल्या चाचण्यांनी ती आशा मोडली: सरसकट सगळ्यांना शिरेतून आहार देऊन आयुष्य वाढलं नाही, जंतुसंसर्ग मात्र वाढले. या अपेक्षाभंगाचा परिणाम फार काळ टिकला. 'आहाराने काही होत नाही' असा जो सूर आजही काही जुन्या डॉक्टरांच्या बोलण्यात ऐकू येतो, त्याचं मूळ इथे आहे. चाचण्या चुकीच्या नव्हत्या. त्यांनी उशिरा आणि चुकीच्या वाटेने दिलेला आहार तपासला होता.

मग विचार पालटला तो लिस्बनमध्ये. पाउला राव्हास्को यांनी २००५ मध्ये मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या १११ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्याला रोजच्या जेवणातूनच नेमकं काय, किती आणि कसं खायचं याचा व्यक्तिगत सल्ला. दुसऱ्याला नेहमीचं जेवण आणि वर प्रथिनांची तयार पेयं. तिसऱ्याला मन मानेल तसं. उपचार संपताना पहिल्या दोन्ही गटांचं खाणं सुधारलेलं होतं. पण तीन महिन्यांनी पाहिलं, तर फक्त सल्ला मिळालेल्यांचं टिकलं होतं. डबा संपला तशी दुसऱ्या गटाची कमाईही संपली. ब्रिस्बेनमध्ये एलिझाबेथ आयझेनरिंग यांनी त्याच्या वर्षभर आधी ६० रुग्णांवर केलेलं काम याच दिशेचं होतं. या दोन अभ्यासांचा आकार लहान आहे, हे मान्य. तरी हजारो रुपयांचे डबे दारात येऊन पडलेल्या घरात ते वाचून दाखवावेत, असं मला नेहमी वाटतं.

आज या क्षेत्रात चार-पाच विचारधारा एकमेकींशी वाद घालत नांदतात. सल्ल्याला पहिलं स्थान देणारी वर आलीच. तिचीच पुढची पायरी ऑस्ट्रेलियातल्या पाच रुग्णालयांत घेतली गेली. तिथे रुग्णाशी कसं बोलावं, त्याची इच्छा कशी जागवावी, याचं प्रशिक्षण आहारतज्ज्ञांना दिलं गेलं आणि त्याचा परिणाम मोजला गेला. ग्लुटामिन, माशाचं तेल वगैरे घटकांवर भिस्त ठेवणारी दुसरी. तिच्या बाजूचा पुरावा अजून विस्कळीत आहे, आणि ग्लुटामिन सरसकट द्यावं असं कर्करोगातल्या आहाराविषयीची युरोपीय मार्गदर्शिका म्हणत नाही. खरा कडाक्याचा वाद नळीचा आहे.

पोटाच्या भिंतीतून दुर्बिणीच्या मदतीने नळी बसवण्याचं तंत्र गॉडरर आणि पॉन्स्की यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलं. ते सोपं झाल्यावर एक गट म्हणू लागला की किरणोपचाराआधीच सर्वांना ही नळी बसवून टाकावी. दुसरा गट म्हणतो, गरज पडेल तेव्हा नाकातून घाला, कारण आयती नळी असली की माणूस गिळणं सोडतो, आणि न वापरलेले घशाचे स्नायू आखडून बसतात. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपचार चालू असताना थोडंफार तोंडाने खात राहिलेल्या आणि गिळण्याचे व्यायाम न सोडलेल्या रुग्णांचं नंतरचं जेवण अधिक पूर्वीसारखं राहिलेलं दिसलं. आपल्याकडच्या सार्वजनिक रुग्णालयांत नाकातली नळीच जास्त दिसते. ती स्वस्त, पटकन बसणारी, दुर्बिणीवाचून होणारी. या पुस्तकातल्या लेखकांचं यावर एकमत नाही आणि मी ते घडवून आणण्याचा प्रयत्न केलेला नाही. माझं स्वतःचं मत असं की नळीचा निर्णय आधी बोलून ठेवावा, आणि नळी असतानाही दिवसातून काही घोट तोंडाने गिळायला लावावेत. नळीला घाबरून पंधरा दिवस उपाशी राहिलेला माणूस नळी घालून घेतो तेव्हा तिचा निम्मा उपयोग संपलेला असतो. शिवाय इतक्या उपासानंतर एकदम पूर्ण आहार सोडला, तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. तिथे हळूहळूच चढावं लागतं.

कुणाकडे आधी लक्ष द्यायचं, हे ठरवण्याची साधनं तयार आहेत. टोरांटोत १९८० च्या दशकात रुग्णाचा इतिहास आणि शरीर पाहून कुपोषण ओळखण्याची पद्धत घडली. ती घडवणाऱ्यांत वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले खुर्शीद जीजीभॉय होते. पुढे तिच्यावरून कर्करोगासाठी वेगळी प्रश्नावली निघाली. २०११ मध्ये केनेथ फिअरन आणि सहकाऱ्यांनी खंगण्याची सर्वसंमत व्याख्या दिली: सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरणं, माणूस मुळात कृश किंवा स्नायूंनी दुबळा असेल तर २ टक्केही पुरेत. त्याही आधीचा एक टप्पा त्यांनी मानला, ज्यात वजन फारसं उतरलेलं नसतं पण भूक मंदावलेली असते. आपलं पुस्तक त्या टप्प्यावर उभं आहे.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाने एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवलं आहे की दिसायला बारीक असलेल्या भारतीय माणसाच्या अंगात युरोपीय माणसाच्या तुलनेत चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. ते काम मधुमेहासंदर्भातलं होतं, पण आपल्यालाही लागू पडतं. स्नायूंची शिल्लक मुळात कमी असलेला माणूस पाच किलो गमावतो तेव्हा त्याचं नुकसान वजनकाट्यावर दिसतं त्याहून मोठं असतं. आणि सुटलेल्या पोटामुळे 'याला काय धाड भरली आहे' असं वाटणारा रुग्ण आतून झिजलेला असू शकतो. कॅनडातल्या एडमंटनमध्ये कार्ला प्राडो आणि विकी बॅराकोस यांनी २००८ मध्ये सीटी स्कॅनवर स्नायू मोजून लठ्ठ रुग्णांत नेमकं हेच दाखवलं होतं.

हा विषय आजच का? भारतात २०२२ या एका वर्षात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले असा अंदाज आहे, आणि पुरुषांत ओठ-तोंडाचा कर्करोग सर्वांत वर आहे. मशेरी, मावा, खर्रा, गुटखा ही नावं इथे नव्याने सांगायला नकोत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, पण आधीच्या आणि नंतरच्याही वर्षांचं देणं आता फेडलं जातं आहे. मुंबईत टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे. आता बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणीही किरणोपचार मिळतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्ट यंत्र २००५ मध्ये खारघरला बसलं. यंत्रं वाढली. पण किरणोपचार हा बहुतांशी बाह्यरुग्ण विभागाचा उपचार आहे: रुग्ण रोज येतो, पंधरा मिनिटं यंत्राखाली असतो, निघून जातो. उरलेला सारा दिवस तो काय खातो, हे रुग्णालयातल्या कुणाच्याच कामात मोडत नाही. वॉर्डात दाखल असलेल्याला निदान ठरलेल्या वेळी ताट मिळतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत उतरलेल्या, अथवा नातेवाइकाच्या दोन खोल्यांत राहून रोज लोकलने येणाऱ्या माणसाचं ताट त्याच्याबरोबर आलेल्या बायकोच्या, आईच्या किंवा सुनेच्या हाती असतं. लहान मुलांच्या बाबतीत कडल्स फाउंडेशनसारख्या संस्थांनी वॉर्डात आहारतज्ज्ञ उभे केले. मोठ्यांसाठी तसं काम फार तुरळक आहे.

त्या स्वयंपाकघरातल्या बाईसाठी हे पुस्तक प्रथम आहे. तिच्यावर दोन्हीकडून ओझं असतं. डॉक्टर म्हणतात, 'यांना खायला घाला', शेजारीपाजारी म्हणतात, 'साखर बंद करा, दूध बंद करा, गाठ वाढते'. साखरेचा धसका ऑटो वारबुर्ग यांच्या १९२० च्या दशकातल्या निरीक्षणाच्या अर्धवट ऐकीव आवृत्तीतून आला आहे. कर्कपेशी ग्लुकोज अधिक वापरतात हे खरं. पण माणूस जेवला नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ग्लुकोज बनवतं. उपाशी राहून गाठ उपाशी राहत नाही. मधुमेह असेल तर साखरेचा हिशोब डॉक्टरांशी बोलून ठेवावा, एवढंच. ओटीपोटाच्या किरणोपचारात 'चोथा अजिबात नको' हा सल्लाही असाच परंपरेने चालत आला. लंडनच्या रॉयल मार्सडन रुग्णालयातून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चोथायुक्त आहार घेणाऱ्यांना पोटाचा त्रास उलट कमी झालेला आढळला.

आणि पेज. आजारी माणसाला पेज द्यायची, हा आपला संस्कार. २० ग्रॅम तांदळाची वाटीभर पातळ पेज घेतली, तर त्यातून जेमतेम ७० कॅलरी आणि दीड ग्रॅम प्रथिनं मिळतात. युरोपीय मार्गदर्शिकेप्रमाणे रोज दर किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला १,२५० ते १,५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. पेजेवर हे कधीच गाठता येणार नाही. त्याच वाटीत चमचाभर तूप घातलं की ४५ कॅलरी वाढतात, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं बारीक कूट घोटून मिसळलं की आणखी शंभरेक कॅलरी आणि पाच ग्रॅम प्रथिनं. मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीची गोष्ट तर शिकण्यासारखी आहे. मोड येताना धान्यात स्टार्च फोडणारं विकर तयार होतं. त्यामुळे त्या पिठाची आंबील किंवा खीर पातळच राहते आणि तेवढ्याच पातळपणात जास्त पीठ मावतं. म्हैसूर आणि बडोद्याच्या संशोधकांनी हे तंत्र वरचं अन्न सुरू झालेल्या बाळांसाठी अभ्यासलं होतं. घसा सोललेल्या माणसाची अडचण तीच आहे: घट्ट गिळवत नाही आणि पातळाने पोट भरत नाही.

पुस्तकाची व्याप्ती मुद्दाम आखून घेतली आहे. डोकं-मान, अन्ननलिका आणि ओटीपोट या तीन भागांच्या किरणोपचारावर भर आहे, कारण खाण्याचे हाल तिथेच सर्वांत जास्त होतात. स्तनाच्या कर्करोगात प्रश्न बहुधा उलटा असतो, वजन वाढण्याचा. त्याला वेगळं पुस्तक हवं. लेखकांत आहारतज्ज्ञ आहेत, किरणोपचाराचे डॉक्टर आहेत, गिळण्याचे व्यायाम शिकवणारे आहेत, आणि स्वयंपाकघरात हे दिवस काढलेल्या दोन बायका आहेत. प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहिलं आहे. मी ती एका साच्यात बसवली नाही, त्यामुळे पुनरुक्ती दिसेल. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, साधारण त्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहा, ही सूचना तर चार ठिकाणी आली आहे. ती राहू दिली. मीठ-सोड्याच्या गुळण्यांचंही तेच. वेदनाशामक औषध जेवणाआधी अर्धा तास घ्यावं, हे ज्याला कुणी सांगितलं नाही त्याला ते चारदा वाचायला मिळालं तर बिघडत नाही.

पाककृतींची मापं वाटी आणि चमच्यात आहेत. वाटी १५० मिलिलिटरची धरली आहे. प्रत्येक कृतीखाली कॅलरी आणि प्रथिनं दिली आहेत, ती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांवरून काढली आहेत. नळीतून द्यायच्या कृती वेगळ्या रंगाच्या पानांवर आहेत. त्या आहारतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय वापरू नयेत, विशेषतः मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेह असेल तर, आणि रुग्ण आठवड्याहून जास्त दिवस जवळपास उपाशी असेल तर मुळीच नाही. ज्यांच्या घरी मास्क बनून झाला आहे आणि शेकाची तारीख अजून यायची आहे, त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून तिसरं प्रकरण आधी वाचावं.